दुखतंय कुठे? बोट ठेवून दाखवा

हाता-पायांची हाडं, खांदा आणि खुबा या विषयावर या अंकासाठी प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत 'हात दुखतो', 'पाय दुखतो' एवढंच लिहिलेलं आहे. तपासणाऱ्याला त्यातून फारसं काही कळत नाही. तेच एका बोटाच्या टोकाने नेमकी जागा दाखवलीत, तर निदानाचं निम्मं काम तिथेच होतं. हाता-पायांतल्या बऱ्याचशा हाडांचा कुठला तरी उंचवटा कातडीच्या लगेच खाली असतो आणि तो बोटाला लागतो. म्हणून जिथे जमेल तिथे आधी हाड शोधायचं कसं ते सांगितलं आहे. वाचताना स्वतःच्या अंगावर चाचपत वाचा.

प्रश्न : शाळेत मुलांचे आणि आमचेही पाय वरचेवर मुरगळतात. एक्स-रेची सोय इथून 30 किलोमीटरवर आहे. दर वेळी एक्स-रे काढावाच लागतो का? (एक शिक्षक, ता. अकोले)

उत्तर : दर वेळी लागत नाही. कधी लागतो हे ठरवायला चार जागा दाबून पाहायच्या आणि चार पावलं टाकून पाहायची. 1992 साली कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली आणि आज ती जगभर वापरली जाते.

आधी घोटे नीट ओळखू. आतला घोटा म्हणजे नडगीच्या हाडाचं, म्हणजे टिबियाचं, खालचं टोक. बाहेरचा घोटा हे तिच्या शेजारच्या बारीक हाडाचं, फिब्युलाचं, टोक. दोन्ही घोट्यांवर एकाच वेळी एकेक बोट ठेवा. बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर खाली उतरलेला आणि जरा मागे सरकलेला लागेल. बाहेरच्या अंगाला हाडाची ही भिंत खोलवर गेलेली असल्यामुळे पाऊल बाहेर सहसा वळत नाही. तळवा आत वळतो आणि बाहेरची लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं बांधणारे पट्टे, ताणली जातात. त्यातलं सगळ्यात आधी दुखावणारं लिगामेंट बाहेरच्या घोट्याच्या पुढे आणि किंचित खाली असतं. सूज तिथेच येते, दुखतंही तिथेच.

म्हणूनच घोटा पुढून दाबायचा नाही. पुढे दाबलं की मुरगळलेला प्रत्येक माणूस कळवळणारच. दाबायची ती मागची कड.

बाहेरच्या घोट्याच्या टोकापासून मागच्या कडेने 6 सेंटिमीटर वरपर्यंत एका बोटाने दाबत जा. मग आतल्या घोट्यालाही तसंच करा. तिसरी जागा पावलाच्या बाहेरच्या कडेवर आहे. करंगळीकडून टाचेकडे बोट सरकवत आणलं की साधारण मध्यावर एक टोकदार उंचवटा लागतो. ते पाचव्या मेटाटार्सलचं, म्हणजे करंगळीमागच्या लांब हाडाचं, मूळ. पाय आत मुरगळताना इथे स्नायूचा झटका बसतो आणि हाडाचा तुकडा निघतो. सगळे घोट्याकडे बघत बसल्यामुळे हा तुकडा नजरेतून सुटतो. चौथी जागा आतल्या कडेवर, आतल्या घोट्याच्या पुढे दोन-अडीच सेंटिमीटरवर लागणारा नॅव्हिक्युलर या पावलातल्या लहान हाडाचा उंचवटा.

या चारपैकी कुठल्याही एका ठिकाणी हाड दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे काढा. मार लागल्यावर लगेच आणि आता तपासतानाही, अशा दोन्ही वेळी चार पावलं टाकता आली नसतील, तरी काढा. लंगडत टाकलेली पावलं चालतात, फक्त दोन्ही पायांवर दोन-दोनदा भार यायला हवा. यातलं काहीच नसेल, तर मोडलेलं हाड असण्याची शक्यता फार कमी असते. बर्फाचा शेक फडक्यातून 15-20 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर गुंडाळत न्या, आणि झोपताना पाय उशीवर ठेवा. पहिले दोन दिवस गरम शेक आणि चोळणं टाळा. पाच-सहा दिवसांत भार घेणं सुधारलं नाही, तर मात्र दाखवून घ्या.

हा नियम मोठ्या माणसांसाठी केलेला आहे. तुमच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेची वाढपट्टी असते आणि लिगामेंटच्या आधी तीच सरकते. बाहेरच्या घोट्याच्या हाडावर दुखत असेल, तर मुलाला घेऊन जा. मधुमेहामुळे पाय बधिर झालेला माणूस, दारू प्यायलेला माणूस, शिवाय दुसरीकडे मोठी जखम असलेला माणूस यांनाही हा नियम लागू नाही. त्यांना दाबलेलं नीट कळतच नाही.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा झोपाळ्यावरून हातावर पडला. कोपर टम्म सुजलंय. घरातली मोठी माणसं म्हणतात, तेल लावून चोळून घे, नाहीतर कोपर आखडेल. गावात हाड बसवणाराही आहे. काय करू? (एक आई, जि. परभणी)

उत्तर : चोळू नका. हे पत्र छापून येण्याआधीच आम्ही तुम्हाला उत्तर कळवलं आहे. इतर आयांसाठी कारणासह लिहितो.

या वयातलं मूल हात पुढे टेकवून पडलं की दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं. तिथे हाडाला पुढून एक आणि मागून एक खळगा असतो. त्या दोन खळग्यांच्या मधलं हाड फार पातळ असतं. मोडलेल्या वरच्या तुकड्याचं टोक पुढे येतं, आणि नेमकी तिथूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी खाली जाते. ती दबली की पुढच्या हाताच्या (कोपर ते मनगट) स्नायूंचं रक्त तुटतं. सहा तासांच्या आसपास स्नायू मरू लागतात. पुढे ते आक्रसतात आणि बोटं आत वळून कायमची पंज्यासारखी होतात. घट्ट बांधलेल्या कामट्यांमुळेही हेच होतं.

म्हणून दवाखान्यात पोहोचेपर्यंत बोटांवर लक्ष ठेवा. ती गरम आणि गुलाबी आहेत का? नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत लाली परत येते का? अंगठा आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल 'ओ' करता येतो का? तुम्ही हळूच बोटं सरळ करायला गेलात की मूल किंचाळतं का? हे शेवटचं लक्षण सगळ्यात धोक्याचं. नाडी लागत असली तरी ते मनावर घ्यायचंच. हात आहे त्याच स्थितीत पुठ्ठ्यावर किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर सैल बांधा. झोळीत घालायचा म्हणून कोपर काटकोनापर्यंत किंवा त्याहून जास्त दुमडू नका. दुमडल्यावर रक्तवाहिनी आणखी चेपते. मुलाला काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

आता चोळण्याबद्दल. कोपराच्या पुढचा स्नायू हाडाला थेट चिकटलेला असतो. मार लागल्यावर तिथे रक्त साकळतं. चोळलं किंवा जोर लावून हात सरळ केला, की त्या साकळलेल्या रक्तात नवीन हाड तयार व्हायला लागतं. चोळून कोपर मोकळं होत नाही, उलट स्नायूतच हाडाची गाठ बनून ते कायमचं अडकतं. प्लास्टर साधारण तीन-चार आठवड्यांनी निघतं. त्यानंतर कोपर आखडलेलं असणारच. मुलाला स्वतःच्या हाताने खेळू द्या, जेवू द्या, बटणं लावू द्या. काही महिन्यांत ते आपसूक सुटतं. दुसऱ्याने वाकवायचं नाही.

परिचारिका आणि विद्यार्थ्यांसाठी एक खूण : कोपर काटकोनात असताना मागून पाहिलं, तर आतला उंचवटा, बाहेरचा उंचवटा आणि कोपराचं टोक यांचा त्रिकोण होतो. हात सरळ केला की तीनही बिंदू एका रेषेत येतात. हाड उंचवट्यांच्या वर मोडलं असेल, तर त्रिकोण जसाच्या तसा राहतो. सांधा निखळला असेल, तर बिघडतो. ही खूण निरोगी कोपरावर बोटांना नीट बसवून घ्या. दुखणाऱ्या मुलावर सराव करू नका.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलीला रस्ता ओलांडताना हाताला धरून वर ओढलं. तेव्हापासून ती तो हात वापरतच नाही. सूज नाही. (एक वाचक, कल्याण)

उत्तर : कोपराजवळ रेडियस या हाडाचं (पुढच्या हातातलं अंगठ्याकडचं हाड) गोल डोकं एका कड्यासारख्या लिगामेंटमध्ये फिरतं. एक ते चार वर्षांच्या वयात हे कडं सैल असतं. मनगटाला धरून हिसका दिला की कडं डोक्यावरून घसरून सांध्यात अडकतं. मूल हात अर्धवट वाकवून, तळहात आत वळवून, अंगाशी लोंबकळत ठेवतं. डॉक्टर तळहात फिरवून आणि कोपर वाकवून ते एका क्षणात बसवतात. बारीक 'टक' लागतं आणि दहा-पंधरा मिनिटांत मूल खेळणं उचलतं. घरी करून पाहू नका. सूज असेल किंवा मूल पडलं असेल, तर दुखणं वेगळं असू शकतं. मुलांना उचलायचं ते काखेत हात घालून. हात धरून गरागरा फिरवणं बंद करा.

प्रश्न : मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. तोंडी परीक्षेत हातात हाड दिलं की डावं की उजवं हे सांगताना गोंधळ होतो, विशेषतः क्लॅव्हिकल आणि फिब्युला. (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : गोंधळ होतो, कारण विद्यार्थी खुणा पाठ करतात आणि हाड टेबलावर ठेवून बघतात. हाड स्वतःच्या अंगाला लावून बघायची सवय करा. दर वेळी तीनच प्रश्न : वर काय, पुढे काय, आत काय.

क्लॅव्हिकल म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड. चपटं टोक खांद्याकडे, जाड गोलसर टोक छातीच्या मधोमध. आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, बाहेरचा एक तृतीयांश आत गेलेला. एवढ्यावरही चूक होते, कारण हाड उलटं केलं की बाजू बदलते. म्हणून मधल्या भागात अंगठा फिरवा. जिथे लांबट पन्हाळी लागते ती खालची बाजू. गुळगुळीत बाजू वर. ही तिसरी खूण बघितल्याशिवाय उत्तर देऊ नका. परीक्षक पुढे हमखास विचारतात ते इथेच सांगून टाकतो : गर्भात सगळ्यात आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, हाड बनायला सुरुवात होते ती याच हाडात, आणि याचं आतलं टोक सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास, जुळतं. ते मोडतं मधल्या भागात, दोन बाक जिथे भेटतात त्याच्या आसपास. मानेचा स्नायू आतला तुकडा वर उचलतो आणि हाताच्या वजनाने बाहेरचा खाली जातो. म्हणून असा रोगी दुसऱ्या हाताने कोपर सावरत येतो.

फिब्युलाची दोन टोकं सारखीच वाटतात. खालचं टोक दोन्ही बाजूंनी चेपलेलं असतं आणि त्यावर एक त्रिकोणी गुळगुळीत चकती असते. चकतीच्या लगेच मागे बोटाचं टोक बसेल असा खळगा असतो. खळगा सापडला की काम झालं. खळग्याचं टोक खाली, खळगा मागे, चकती आत. गुडघ्याची वाटी त्याहून सोपी आहे. टोक पुढच्या दिशेला करून, सांध्याची गुळगुळीत बाजू खाली ठेवून टेबलावर सोडा. ज्या बाजूची असेल त्या बाजूला ती कलते, कारण तिची बाहेरची अर्धी बाजू मोठी असते.

दंडाच्या हाडाचं डोकं वर आणि आत, खालचा मोठा खळगा मागे. रेडियसचं थाळीसारखं डोकं वर, मनगटाकडची खुंटी मागे, धारदार कड आत. अल्नाचा (पुढच्या हातातलं करंगळीकडचं हाड) जबडा पुढे उघडतो आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला रेडियसचं डोकं टेकायची लहान खाच असते. खुब्याचं हाड मात्र हातात धरताना जवळजवळ सगळेच चुकवतात. ते उभ्या माणसात जसं असतं तसं धरायचं, तर भिंतीचा उपयोग करा. कमरेच्या पुढच्या टोकाचा उंचवटा आणि प्यूबिसचा उंचवटा हे दोन्ही एकदम भिंतीला टेकले पाहिजेत. वाटी बाहेर, मोठं भोक खाली. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा ते बरंच पुढे झुकलेलं असतं.

प्रश्न : दंडात लस देताना नेमकी जागा कशी मोजायची? काही जणांचा खांदा लसीनंतर महिनोन्महिने दुखतो असं ऐकते. (एक आरोग्यसेविका, जि. पालघर)

उत्तर : खांद्यावर मागून पुढे बोट फिरवत या. फऱ्याच्या हाडाची आडवी कड बाहेर येऊन जिथे संपते ते सपाट हाडाचं टोक म्हणजे ॲक्रोमियन. त्याच्या कडेपासून दोन ते तीन बोटं खाली, दंडाच्या बाहेरच्या बाजूला मधोमध सुई टोचायची, काटकोनात. काखेची पुढची घडी जिथे संपते त्या पातळीच्या खाली जायचं नाही. लस घेणारी व्यक्ती खुर्चीत बसलेली आणि हात मांडीवर सैल सोडलेला असावा. तुम्हीही बसूनच लस द्या. उभं राहून दिली की सुई नकळत वर जाते.

खांदा दुखत राहतो तो याच चुकीमुळे. सदऱ्याचा किंवा ब्लाउजचा गळा खाली ओढून जेवढा खांदा उघडा होतो तेवढ्यातच टोचलं जातं, आणि सुई स्नायूऐवजी त्याखालच्या सांध्याच्या पिशवीत जाते. बाही पूर्ण वर सरकवा किंवा हात बाहेर काढायला सांगा. फार खाली किंवा मागे गेलात, तर दंडाच्या हाडाला मागून वळसा घालणारी नस (मज्जातंतू) सापडू शकते. ती दुखावली तर मनगट वर उचलता येत नाही.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या दंडात पुरेसा स्नायू नसतो. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्रित लस, डाव्या मांडीच्या मधल्या तिसऱ्या भागात, पुढच्या-बाहेरच्या अंगाला. कुल्ल्यात लस द्यायची नाही. तिथे सायटिक नस जवळ असते आणि बाळाचा स्नायू लहान असतो.

प्रश्न : शर्टाचा शोल्डर नेमका कुठून मोजायचा? गिऱ्हाइकांची बाही उतरते. (एक शिंपी, कऱ्हाड)

उत्तर : वरच्याच उत्तरातलं टोक शोधा. गिऱ्हाइकाला हात आडवा वर करायला सांगा. ॲक्रोमियनच्या लगेच बाहेर एक खळी पडते. हात खाली आला तरी बोट तिथेच ठेवा आणि टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत, मानेच्या मुळाशी वाकल्यावर वर येणाऱ्या मणक्यावरून न्या. टोकाऐवजी दंडाच्या फुगवट्यावरून मोजलं की बाही उतरते.

प्रश्न : मोटारसायकलवरून पडल्यावर मनगटाचा एक्स-रे काढला. 'काही नाही' म्हणाले. तीन आठवडे झाले, अंगठ्याच्या मुळाशी दुखतंच आहे. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : अंगठा मागे ताणा. मनगटाच्या कडेला स्नायूंच्या दोन कंडरा दोरीसारख्या वर येतात आणि त्यांच्या मध्ये खड्डा पडतो. पूर्वी लोक चिमूटभर तपकीर तिथे ठेवून ओढत, म्हणून शरीररचनेच्या पुस्तकांत त्याचं नावच तपकिरीच्या डबीवरून पडलं आहे. त्या खड्ड्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. दुसऱ्या हाताच्या बोटाने तिथे दाबा आणि चांगल्या मनगटाशी ताडून पाहा. दुखणं स्पष्ट जास्त असेल, तर एक्स-रे काहीही म्हणो, हाड मोडलंय असं धरूनच चालायचं असतं.

या हाडाची चीर पहिल्या दिवशी बऱ्याचदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी कडा जरा झिजतात आणि मग ती उमटते. म्हणून पहिल्या दिवशी अंगठ्यासह प्लास्टर घालून पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. उशीर महागात पडतो तो रक्तपुरवठ्यामुळे. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाकडून मिळतं आणि ते मागे मनगटाकडे वाहतं. मधोमध चीर गेली की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो आणि मरू शकतो. ते जुळायलाही आठ ते बारा आठवडे लागतात. तुम्ही अस्थिरोगतज्ज्ञाकडे याच आठवड्यात जा आणि 'स्कॅफॉइडचे वेगळे व्ह्यू' असं स्पष्ट सांगून एक्स-रे काढून घ्या. तरीही दिसलं नाही, तर एमआरआयने उलगडा होतो.

प्रश्न : आईचा उजवा खुबा झिजला आहे. तिच्यासाठी काठी आणली, पण ती वाकून चालते. काठी कुठल्या हातात धरायची यावरूनही घरात मतभेद आहेत. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : डाव्या हातात. दुखऱ्या बाजूला काठी धरावी असं वाटतं, पण तिथे ती फारशी कामी येत नाही. उजव्या पायावर उभं राहिलं की कमरेचं कडं डावीकडे झुकू पाहतं. ते सावरायला उजव्या खुब्याचे स्नायू जोराने खेचतात. त्या खेचण्याचा आणि शरीराचा मिळून खुब्यावर वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. डाव्या हातातली काठी लांबून आधार देते, त्यामुळे स्नायूंना तेवढं खेचावं लागत नाही.

उंचीसाठी आईला रोजच्या चपला घालून सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. काठीची मूठ मनगटाच्या घडीच्या पातळीत यायला हवी. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, कमरेच्या हाडाच्या कडेखाली पंजाभर अंतरावर जे हाड लागतं त्याच्याशीही ती पातळी जुळते. पाऊल आत-बाहेर फिरवलं की ते हाड बोटाखाली फिरतं, म्हणजे ओळख पटते. मूठ धरल्यावर कोपर 20 अंशांच्या आसपास वाकलेलं दिसलं पाहिजे. आई वाकते म्हणजे काठी आखूड आहे. लांब झाली तर खांदा वर चढतो. काठी आणि दुखरा पाय बरोबर पुढे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. खालचं रबर गुळगुळीत झालं की लगेच बदला.

एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. आई पडली आणि एक पाय आखूड दिसला, पाऊल बाहेर पडलेलं दिसलं, तर तिला उठवून बसवू नका. तसंच सपाट फळीवर किंवा ताठ चादरीवर उचलून न्या. आणि तसं काही दिसत नसलं, अगदी ती चालत असली, तरी जांघेत दुखत असेल तर एक्स-रे काढाच. मांडीच्या हाडाची मान मोडून तुकडे एकमेकांत रुतले, तर काही दिवस चालता येतं, आणि मग ते सरकतात.

प्रश्न : कांदा काढणीला आठ दिवस उकिडवं बसून काम केलं. आता डावं पाऊल वर उचलत नाही, चप्पल निसटते. पाठ दुखत नाही. (एक शेतकरी बाई, ता. निफाड)

उत्तर : गुडघा वाकवून बसा. बाहेरच्या अंगाला, वाटीपेक्षा खाली, सुपारीसारखी हाडाची गाठ लागेल. ते फिब्युलाचं डोकं. त्याच्या खाली बोट आडवं फिरवलं तर दोरीसारखी नस बोटाखालून सरकते. पाऊल आणि बोटं वर उचलणारी ती हीच. कातडी आणि हाड यांच्या मध्ये तिला गादी अशी नाहीच. तासन्‌तास उकिडवं बसल्यावर ती दबते. घट्ट प्लास्टर किंवा पायावर पाय टाकून बसणं यानेही दबते.

दबून बंद पडलेली नस बहुतेकदा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पूर्ववत होते. तोपर्यंत उकिडवं बसणं बंद. पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून काम करा. पाऊल वर धरणारा प्लास्टिकचा पट्टा मिळतो, तो वापरा, नाहीतर अडखळून पडाल. पण एकदा दाखवून घ्या. त्याच नसेवर कुष्ठरोगही बसतो. अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असेल, किंवा ती दोरी दुसऱ्या पायापेक्षा जाड आणि दुखरी लागत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. औषधं तिथे फुकट मिळतात आणि लवकर सुरू केली तर नस वाचते.

उकिडवं बसणं वाईट नाही, तासन्‌तास न हलता बसणं वाईट. आपल्याकडच्या लोकांच्या टिबियाच्या खालच्या पुढच्या कडेवर अनेकदा एक लहानशी गुळगुळीत चकती सापडते. पाऊल पूर्ण वर वाकून खालच्या हाडाला टेकल्याची ती खूण. खुर्चीवर वाढलेल्या युरोपीय लोकांत ती क्वचित दिसते.

प्रश्न : सुश्रुतसंहितेत 300 हाडं सांगितली आहेत, आणि शाळेत 206 शिकवतात. चूक कोणाची? (एक निवृत्त ग्रंथपाल, बेळगाव)

उत्तर : मोजायची रीत वेगळी. सुश्रुताने 32 दातही हाडांत धरले आहेत आणि कूर्चाही 'तरुण' अस्थी म्हणून मोजल्या आहेत. तोच ग्रंथ सांगतो की वेदवादी 360 मानतात, पण शल्यतंत्रात 300.

हाता-पायांच्या बाबतीत हिशेब नजरेत भरतो. सुश्रुत एका पायात 30 आणि चारही अवयवांत मिळून 120 हाडं सांगतो. आजच्या गणतीतही खांदा आणि खुबा वगळले तर प्रत्येक हातात 30, प्रत्येक पायात 30, एकूण 120. पण बेरीज जुळली म्हणून तपशील जुळतो असं नाही. सुश्रुत प्रत्येक बोटात तीन धरून 15 करतो. अंगठ्यात खरं तर दोनच पेरांची हाडं असतात, म्हणून आजची संख्या 14. तळवा, कूर्च (पावलाचा मधला भाग; वरची कूर्चा नव्हे) आणि घोटा मिळून तो 10 सांगतो आणि टाचेचं एक. आज तिथे टाच धरून सात टार्सल (घोट्याजवळची हाडं) आणि पाच मेटाटार्सल अशी 12 मोजतात. पुढे जंघेत, म्हणजे नडगी-पोटरीत, दोन, गुडघ्यात एक, मांडीत एक, हे तंतोतंत आजच्यासारखंच. फक्त पायाचा हिशेब तो हातालाही तसाच लावतो. हातात आज मनगटाची 8, तळहाताची 5, बोटांची 14, पुढच्या हाताची 2 आणि दंडाचं 1. गुडघ्याच्या वाटीसारखं हाड कोपरात नसतं.

206 मधली बाकी अशी : दोन क्लॅव्हिकल, दोन फरे आणि खुब्याची दोन हाडं मिळवली की हाता-पायांच्या बाजूची 126 होतात. डोकं, कणा आणि छातीची 80.

संहिता वाचताना एका शब्दाची नोंद ठेवा. मराठीत जांघ म्हणजे मांडीचा वरचा, पोटाकडचा भाग. संस्कृतातली जंघा मात्र गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, आपली नडगी-पोटरी. 'जंघेत दोन हाडं' हे वाक्य जांघ समजून वाचलं तर ग्रंथ चुकीचा वाटतो. नडगी चाचपून वाचा : पुढे टिबिया, बाहेर फिब्युला, दोन भरतात.